सूचक, अनुमोदक आणि उडती म्हैस

आमच्या चेअरमनना साधा चहा पाजायचा म्हटलं तरी माणूस मेटाकुटीला यायचा. "चेअरमन, चहा सांगू का?" असं विचारलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "विषय आला. सूचक सचिवताई. अनुमोदक कोण?" आता दूध संस्थेच्या त्या खोलीत आम्ही दोघंच. मी सचिव, ते चेअरमन. अनुमोदक काय भिंतीतून काढू? मग रस्त्यानं सायकल रेटत चाललेल्या कुणाला तरी हाक मारायची. तो "हां हां, द्या की" म्हणायचा, चेअरमन "सर्वानुमते मंजूर" म्हणून टेबलावर थाप मारायचे, आणि दोनाच्या जागी तीन चहा सांगावे लागायचे.

बरं, हे फक्त संस्थेत असतं तर चाललं असतं. घरीसुद्धा तेच. त्यांच्या कारभारणीनं "भाजी कशाची करू?" असं विचारलं की यांचं सुरू, सूचक कोण आन् अनुमोदक कोण. एकदा काकू माझ्यासमोरच म्हणाल्या, "सूचक मी, अनुमोदक बी मीच. आन् पुढचा ठराव आसा, की जे ताटात पडंल ते गप गिळायचं." तो ठराव चेअरमननी निमूट पाळला. माजलगावच्या स्टँडवर एसटी वेळेवर सुटेना तर त्यांनी ड्रायव्हरविरुद्ध निषेधाचा ठराव मांडून सगळ्या प्रवाशांचे हात वर करून घेतले. ड्रायव्हरनंही हात वर केला. त्याला वाटलं कुणीतरी पेढे वाटतंय.

उंच, वाळका माणूस. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात खडूचे तुकडे. त्यामुळं त्यांनी पाठीवर हात ठेवला की पाठीवर पंजा उमटायचा. आमच्या गावात निम्म्या माणसांच्या पाठीवर तो पंजा असायचा. मी वैतागून म्हणायची, "चेअरमन, माझी साडी गडद हाय, लांबून बोला." ते लांबून बोलायचे आणि जाताना विसरून थाप मारायचेच.

एवढा सभेचा शौकीन माणूस, पण एक गोष्ट ते कधी करायचे नाहीत. मतं समसमान पडली की चेअरमनला निर्णायक मत असतं. ते यांनी कधी वापरलं नाही. विषय तहकूब करायचे, महिनाभर कुजवत ठेवायचे, पण मत द्यायचे नाहीत. मी एकदा भांडलेच. "कावून हो? तुमच्या हातात हाय तर देऊन टाका की येकदाचं!"

त्यावर ते पहिल्यांदा आवाज खाली करून बोलले. "दिलतं ताई येकदा. संस्थेची जागा कुठं घ्यायची यावर समसमान मतं पडली. मपला थोरला भाऊ म्हणायचा वेशीजवळ घ्या. मी मत दिलं सडकेच्या बाजूनं. बरोबरच दिलतं. पर भाऊ मरंपर्यंत मपल्याशी बोलला न्हाई. येकाच घरात राहून."

त्यानंतर तो विषय मी काढला नाही.

सिंदफणा नदीच्या अलीकडचं आमचं गाव आणि पलीकडचं गाव, दोन्हींची मिळून ही एकच दूध संस्था. मग तो दुष्काळ आला. धरणाच्या तळात भेगा पडल्या, ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं थंड. दूध कसलं निघतंय, जनावरंच जगेनात. तेव्हा चेअरमननी संस्थेच्या नावानं चारा छावणी उघडली. सडकेकडेला माळावर दोन रांगा केल्या, एक आमच्या गावच्या जनावरांची, एक पलीकडच्या. मध्ये पाण्याची टाकी, आणि टाकीशेजारी खांबाला ठोकलेला संस्थेचा काळा फळा. त्यावर रोज लिहायचं, मोठ्या जनावराला चारा किती, लहान वासराला किती, पेंड येणार का नाही. माणसंही जनावरांजवळच राहायला आली. चुली तिथं, बाजा तिथं.

चेअरमन दिवस उगवला की दोन्ही रांगांतून चालत निघायचे. रामराम नाही, श्याम श्याम नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न, "पाणी दाखवलं का?" म्हणजे जनावराला पाजलं का. माणूस तापानं फणफणला असला तरी आधी हेच. आमच्या नवऱ्याला एकदा लई राग आला, "मला बी कुणीतरी दाखवा की पाणी!"

आणि एके दिवशी चाऱ्याची ट्रक आलीच नाही. फळ्यावर काय लिहायचं? चेअरमननी लिहिलं, 'आज वाढं येणार नाही.' वाढं म्हणजे उसाचे शेंडे, त्याच्यावरच छावणी चालली होती. लिहून झालं आणि ते तसेच फळ्यासमोर उभे. लोक वाचून माना खाली घालून परतायला लागले. तसा यांनी खिशातला खडू काढला आणि त्या ओळीखाली एक म्हैस काढली. म्हैस हवेत. गळ्यात पोत्याचं फडकं, वाऱ्यानं मागं उडणारं. पाठीवर वाढ्याचा हा एवढा भारा. खाली बारीक बारीक माणसं वर तोंड करून. म्हशीच्या तोंडावर असा काही भाव होता, घरी उशिरा आलेल्या बाईच्या तोंडावर असतो तसा. कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. मग तो अख्खा उपाशी माळ हसायला लागला. मी हिशोब टाकून तिथं गेलते, मलाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ट्रक आली. पण लोक चाऱ्याआधी फळ्याकडं. "आज म्हैस कुठंय?"

झालं! चेअरमनना काय, विषयच मिळाला. "म्हशीला नाव पाहिजे. सूचक कोण?" धनगराच्या सोजरआजी पार मागं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गिरजा." अनुमोदकांची झुंबड उडाली. तेव्हापासून गिरजा रोज उडायला लागली. रोज सकाळी नवं चित्र, आणि पुढं काय होणार ते सभेत ठरणार. गिरजानं कारखान्याच्या धुराड्यात अडकलेला ढग ओढून काढावा, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, हात वर करा, मंजूर. दुसऱ्या दिवशी गिरजा धुराड्यावर पाय रोवून ढग ओढतेय! जुनं चित्र पुसायचं तेही ठरावानं. "फळा पुसायचा. सूचक?" पोरं ओरडायची, पुसू नका! पण कुणीतरी सूचक व्हायचंच, कारण पुसल्याशिवाय पुढचं कळणार कसं?

मी म्हणायची, "चेअरमन, कागदावर काढा की. राहील तरी." ते म्हणायचे, "कागद माणूस खिशात घालून घरी जातंय, ताई. फळ्यापुढं येऊन उभं राहावं लागतंय." आणि मग पाठीवर थाप.

त्यात माशी शिंकली. एका दुपारी टँकर निम्माच भरून आला. टाकी आमच्या रांगेच्या बाजूला तिरकी, पाणी आधी आमच्याकडं. पलीकडच्या गावच्या रांगेपर्यंत पोचेतो टाकी कोरडी. बादल्या वाजल्या. डोकी फुटायचीच बाकी राहिली. पलीकडच्या गावचे बाबुराव, संस्थेचे जुने सभासद आणि नियमांचे पक्के, ते मध्ये उभे राहून म्हणाले, "आजपास्नं तुमची चूल येगळी, आमची येगळी." मग चहा वेगळा, भजन वेगळं. आमच्या शेजारणीची सख्खी बहीण पलीकडच्या रांगेत, दोघी पाठीला पाठ लावून भाकरी थापायच्या पण बोलायच्या नाहीत.

आणि ही आग फळ्याला लागली. गिरजा तेव्हा लांबच्या मोठ्या नदीवरून भरला टँकर पाठीवर घेऊन उडत येत होती. टँकर एकच. ओतायचा कुठं? अलीकडं का पलीकडं? मतदान घेतलं. समसमान. पुन्हा मोजलं. समसमान. कुणीतरी बिचाऱ्यानं "निम्मं निम्मं करा" असं सुचवलं, त्याला अनुमोदकसुद्धा मिळाला नाही, उलट दोन्हीकडून शिव्या मिळाल्या. सगळ्यांनी चेअरमनकडं पाहिलं. बाबुराव म्हणाले, "निर्णायक मत द्या."

"विषय तहकूब," चेअरमन म्हणाले आणि सदरा झटकून निघून गेले.

गिरजा हवेत लटकली. रोज तेच चित्र, नदीच्या पात्रावर पंखाबिंखाविना ती उभी, पाठीवर टँकर. पुसायलाही कुणी सूचक होईना. सकाळी चेअरमन रांगांतून फिरायचे पण आता विचारायचे, "काय ठरलं का?" पाणी दाखवलं का, हे विचारायचंच विसरले. वाळका माणूस आणखी वाळला. मला म्हणाले, "ताई, आपल्यातलं कुणी बी मत दिलं तरी निम्मी माणसं जन्माची तुटतेत. बाहेरचं कुणीतरी पाहिजे."

आणि बाहेरचं बोलावणं आलं! आमची लेक पूजा पुण्याला नोकरीला. ती मागं येऊन गेली तेव्हा गिरजाचे फोटो काढून तिनं मोबाइलवरून जगभर केले होते. पुण्यात चित्रकथांचा, सिनेमातल्या सोंगांचा मोठा मेळावा भरतो म्हणे, हजारो पोरं येतात, तिथं चित्रकारांना मांडायला जागा देतात. त्यांनी चेअरमनना बोलावलं. मेळावा म्हटल्यावर यांचे डोळे चमकले. "उद्घाटनाला कोण हाय? आपुन नारळ घेऊन जाऊ."

आम्ही निघालो. दुधाची पिकअप तशीही रिकामीच उभी होती. तिच्यावर तो फळा, काकूंच्या गोधडीत गुंडाळून, सुंभानं बांधलेला. गाडी आमचा नवरा चालवणार. निघताना दोन्ही रांगा उभ्या राहून बघत होत्या. चेअरमन दोन्हींकडं हात जोडून ओरडले, "निकाल घेऊनच येतो!"

काय सांगू तुम्हाला तो दिवस! दारातच आमचा जीव दडपला. एवढी माणसं मी वैजनाथाच्या जत्रेतच पाहिलेली. आणि माणसं तरी कसली! एक निळं, एक हिरवं. एकाच्या पाठीला पंख, ते दारातून आत जाईनात, मग चौघांनी मिळून त्याला आडवा करून आत नेला. एका पोरीला कोल्ह्याचं शेपूट, तिच्या उंचीपेक्षा लांब. मी नवऱ्याचा हात घट्ट धरला. चेअरमन मात्र, अहो, ते तर वासरागत उधळले!

"बहुरूपी!" ते ओरडले. "ताई, मला वाटलं बहुरूपी संपले! हे बगा कितीक हायेत!"

आणि मग जे सोंग दिसेल त्याला हात जोडून, "रामराम, कोणत्या गावचे?" सोंगंही हसून सांगायची, कोथरूड, ठाणे, नाशिक. त्या हिरव्या पोराला मात्र त्यांनी थांबवलं. नखशिखांत रंगलेलं पोर. त्याला चहूबाजूंनी न्याहाळून काळजीनं म्हणाले, "बाळा, हे धुवायला पाणी लई लागत आसंल की रं." पोरगं चपापलं. "दोन बादल्या लागतात काका." "दोन!" चेअरमननी माझ्याकडं पाहिलं. "ताई, दोन म्हशींचं झालं." पण रागावले नाहीत. त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि हिरव्या पाठीवर पांढरा पंजा उमटला. पोरगं म्हणालं, वा, हा तर भारी दिसतोय, आणि तो पंजा दिवसभर मिरवत फिरलं.

कोल्ह्याच्या पोरीचं शेपूट गर्दीत तुडवलं जायला लागलं, तर यांनी ते उचलून खांद्यावर घेतलं आणि तिच्यामागं चालत तिला पार पोचवून आले. वाटेत एक लांबलचक रांग दिसली. आमच्याकडं रांग दिसली की उभं राहायचं, कारण नंतर विचारत बसलं तर माल संपतो. चेअरमन उभे राहिले, आम्हीही राहिलो. बराच वेळ गेल्यावर त्यांनी पुढच्याला विचारलं, "काय वाटायलेत?" तो म्हणाला, "एका कलाकाराची सही मिळते." "फकस्त सही? बरुबर काय न्हाई? पेंड, बियाणं?" "नाही काका." चेअरमन म्हणाले, "सहीसाठी येवढी रांग! आन् आपल्या वार्षिक सभेला लोक सही करायच्या आधी पळून जातेत." पूजा हसून हसून खाली बसली.

आमची जागा एका कोपऱ्यात होती. शेजारी सगळी पोरं चकचकीत कागदावर छापलेली चित्रं घेऊन बसलेली. आम्ही गोधडी सोडली, जुनं चित्र वाटेत तिच्यातच पुसलं गेलं होतं. फळा उभा केला. चेअरमननी नारळ काढला आणि टेबलाच्या लोखंडी पायावर फोडला, तसा पहारेकरी धावत आला. त्याच्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवून चेअरमन म्हणाले, "उद्घाटन केलं म्हणून राग धरू नका." तो खोबरं चघळत तिथंच उभा राहिला आणि मग गेलाच नाही.

सुरुवातीला कुणी थांबेना. एक दोघं येऊन विचारून गेले, "चित्र विकत मिळेल का?" "चित्र न्हाई मिळत," चेअरमन म्हणायचे, "थांबावं लागतंय." मग त्यांनी खडू हातात घेतला. मोठ्यानं वाचत लिहिलं, 'आज वाढं येणार नाही.' आणि खाली ती म्हैस काढायला लागले.

दोन पोरं थांबली. मग पाच. गिरजाच्या गळ्यात पोत्याचं फडकं आलं तेव्हा एकदम शिट्टी वाजली. चित्र पुरं झालं आणि चेअरमन वळले, "आता पुढचं दावायचं तर हे पुसावं लागंल. सूचक कोण?"

कुणाला कळेना. आमची पूजा ओरडली, "सूचक म्हणजे जो म्हणेल तो! हात वर करा!" तसा तो हिरवा पोरगा मागून ओरडला, "नका पुसू!" दुसरा म्हणाला, "मग पुढचं कसं कळणार? मी सूचक!" "मी अनुमोदक!" आणि मग काय विचारता! ढग ओढायचा, सूचक! विजेच्या तारेवर वाळत घातलेल्या धोतराला गिरजा अडकली, सोडवायचं कसं, सूचक! अख्खी गर्दी सभासद झाली. पंखवाला, शेपूटवाली, तोंडाला डबा लावलेला कुणीतरी, सगळे "मंजूर, मंजूर" ओरडत होते. शेजारची पोरं आपली टेबलं सोडून आली. खडूचा धुराळा उडत होता, चेअरमनच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि मी, जी मी चहाच्या ठरावाला वैतागायची ती, टाचा उंच करून दोन्ही हात वर करत होते! नवरा म्हणाला, "अगं, तू सचिव हायेस, तुला मत न्हाई." म्हटलं, गप बसा.

आणि मग ते चित्र आलं. नदीच्या पात्रावर गिरजा, पाठीवर टँकर. चेअरमन थांबले. कपाळावरचा चष्मा काढून पुसला.

"लेकरांनो, आता हसायचं न्हाई," ते म्हणाले. "हिथं आमची छावणी अडलीय. अलीकडं आमचं गाव, पलीकडं दुसरं. दोन्ही तहानलेली. टँकर येकच. आमच्यात मतं समसमान पडली, आन् लोक बोलंनात येकमेकाशी. तुमी सगळे आजच्यापुरते आमच्या संस्थेचे नाममात्र सभासद. पाणी कुठं ओतायचं, तुमी सांगा. मी जाऊन आमच्या लोकान्ला सांगतो."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणी अलीकडं म्हणालं, कुणी पलीकडं. हात वर झाले, आणि इथंही निम्मे निम्मेच दिसायला लागले. चेअरमनचा चेहरा उतरला.

तेवढ्यात मागून एक लोखंडी माणूस पुढं आला. पायापासून डोक्यापर्यंत चिलखत, तोंडावर झाकण, हातात हा एवढा भाला. गर्दीनं वाट दिली. त्यानं भाला जमिनीवर आपटला आणि झाकणाच्या आतून आवाज आला, "चेअरमन, येक इचारू का?"

आवाज पोरीचा! आणि भाषा आमची!

तिनं झाकण वर केलं. घामानं निथळलेला सावळा चेहरा, कपाळावर टिकली. "मी धारूरची हाय. हिथं कामाला असते. तुमची म्हैस लांबच्या नदीवरनं टँकर घेऊन उडायलीय, दमली आसंल. अलीकडं वता, पलीकडं वता, ते नंतर. तिला पाणी कुणी दाखवलं का?"

चेअरमनच्या हातातला खडू मोडला.

ते फळ्याकडं वळले आणि गिरजाच्या तोंडाकडं नुसते बघत राहिले. मग तिथल्या खुर्चीवर मटकन बसले. "आगं, म्हशींसाठीच उघडली की मी छावणी," ते म्हणाले. "येवढ्या दिवसांत मला इचारायचं सुचलं न्हाई."

मलाही सुचलं नव्हतं. दोन्ही गावांतल्या एकालाही नाही.

"सूचक मी!" धारूरची पोरगी म्हणाली. "अनुमोदक मी!" हिरवा पोरगा किंचाळला. आणि हात वर झाले. हातमोजे, पंजे, पिसं, खोबरं धरलेला पहारेकऱ्याचा हात. एकही खाली नव्हता. चेअरमन उठले, डोळे पुसले, त्या नादात सगळं तोंड पांढरंफेक झालं, आणि बाहेरून नुकतेच आलेले दोघं तिघं विचारायला लागले, हे काका कुणाचं सोंग घेऊन आलेत? पूजा म्हणाली, "चेअरमनचं." लोक त्यांच्याबरोबर फोटो काढून घ्यायला लागले.

परतीच्या वाटेवर ते अधूनमधून नुसते मांडीवर थाप मारून "वा गं धारूर" म्हणायचे.

छावणीवर फळा पुन्हा खांबाला ठोकला. दोन्ही रांगा जमल्या, पण मध्ये अंतर सोडून. चेअरमननी सगळं रंगवून सांगितलं, शेपटासकट. लोक हसले, सोजरआजींनी पदर तोंडाला लावला. शेवटी ते म्हणाले, "तर पुण्याच्या सभेनं येकमतानं ठरवलंय, की आधी गिरजाला पाणी दाखवायचं."

बाबुराव उठले. खिशातून संस्थेचे छापील उपविधी काढले, बोट ठेवून म्हणाले, "ती माणसं तुमी नाममात्र सभासद केलती ना? नाममात्र सभासदाला मताचा अधिकार नसतोय. ठराव बेकायदा हाय."

माझ्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं. अहो, हा नियम मला पाठ, चेअरमनना तर झोपेत पाठ! पण त्या गडबडीत, त्या आनंदात, आम्हा दोघांनाही आठवला नाही. चेअरमनचा चेहरा खडूसारखा झाला. पण माणूस खरा. "बरोबर हाय तुमचं, बाबुराव," ते म्हणाले. "पुण्याचा ठराव रद्द."

मग मागून सोजरआजींचा आवाज आला. "मी सभासद हाय का न्हाई? मपल्या चार शेळ्या आन् येक म्हैस हाय. मी मांडते. आधी गिरजाला पाणी दाखवा." तिकडून पलीकडच्या रांगेतून, आमच्या शेजारणीच्या बहिणीनं "अनुमोदन" म्हटलं आणि नवऱ्यानं डोळे वटारले तरी खाली बसली नाही.

हात वर झाले. पण आमच्याकडचे हट्टी खाली हात ठेवून बसले, पलीकडचे हट्टीही. बाबुराव हाताची घडी घालून. मी मोजले. परत मोजले. नशीबच फुटकं, दुसरं काय! समसमान.

मी चेअरमनकडं पाहिलं. त्यांनी "तहकूब" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. मग त्यांनी टोपी काढली. डोक्यावरची टोपी काढलेले चेअरमन मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

"निर्णायक मत," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "म्हशीच्या बाजूनं. ज्याला मपल्याशी बोलायचं नसंल त्यानं बोलू नका. मला सवय हाय."

आणि पाठ फिरवून त्यांनी चित्र काढायला घेतलं. गिरजा नदीच्या कोरड्या पात्रात उतरली. टँकर बाजूला ठेवला, तोटी सोडली, आणि मान खाली घालून ती प्यायला लागली. चेअरमन काढतच राहिले, पाण्यात बुडालेलं नाकाड, मिटलेले डोळे, मागं पडलेले कान. तिचं पिणं बघून छावणीतली म्हैस हंबरली की कुणी माणूस हुंदका देत होतं, ते कळलं नाही.

बाबुराव उठले आणि चालू लागले. मला वाटलं गेला, हा माणूस कायमचा गेला. ते टाकीजवळ गेले, बादली भरली, आणि सगळ्यात जवळ बांधलेल्या म्हशीपुढं नेऊन ठेवली. ती म्हैस आमच्या रांगेतली होती. तिच्या पाठीवर हात ठेवून तिथूनच ओरडले, "चेअरमन, हिला सकाळपास्नं पाणी कुणी दाखवलं न्हाई. काय लक्ष हाय का न्हाई तुमचं?"

"न्हाई," चेअरमन म्हणाले. "चुकलं माझं." आणि दोघंही हसायला लागले, म्हातारी माणसं लाजून हसतात तसं.

मग दोन्ही रांगांत बादल्याच बादल्या झाल्या. जनावर कुणाचं, हे कुणी बघेना. चूलसुद्धा त्या संध्याकाळी एकच पेटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन नेहमीसारखे रांगांतून विचारत आले, "पाणी दाखवलं का? पाणी दाखवलं का?" आणि फळ्यापुढं उभे राहून म्हणाले, "आजचा चारा लिहायचाय. फळा पुसायचा. सूचक कोण?"

कुणी बोलेना.

"सूचक कोण?" त्यांनी बाबुरावांकडं पाहिलं. बाबुराव वर आभाळाकडं बघत होते, जसं काही तिथं उपविधी छापलेत.

"सूचक न्हाई," चेअरमन म्हणाले. "विषय तहकूब." त्या दिवसापासून चाऱ्याचं वजन आम्ही पत्र्याच्या तुकड्यावर लिहायला लागलो.

चेअरमन जाऊन आता बरीच वर्षं झाली. छावणी तर कधीच उठली. फळा संस्थेच्या खोलीत माझ्या टेबलामागं टांगलाय, खडू विरळ झालाय पण गिरजा अजून पाणी पिते आहे. दर वार्षिक सभेला कुणीतरी नवा सभासद विचारतो, हा जुना फळा पुसून टाकायचा का? मी त्याच्याकडं बघते आणि चष्मा कपाळावर सरकवते. "विषय आला," म्हणते. "सूचक कोण?"

अजून कुणी सापडलेला नाही.